पक्षिवेत्ते सलीम अली

इ. स. १९०८ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईच्या फोर्ट भागातील एका कचेरीच्या दाराशी एक किडकिडीत मुलगा येऊन थबकला. त्याच्या एका हातात मामांनी दिलेली चिठ्ठी होती व दुसऱ्या हातात कागदाची पुडी. पुडीत एक मेलेली चिमणी होती. आत जावे की आल्या पावली परतावे, हेच त्याला उमजेना. कारण आत बसलेले गृहस्थ गोरे साहेब होते आणि त्या काळी हिंदी मुलाला गोऱ्या साहेबाच्या पुढ्यात उभे राहणे म्हणजे दिव्यच वाटे.

या मुलाचे नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो एक वर्षाचा असताना वडील वारले व तीन वर्षांचा झाला तोच आईही गेली. या पोरक्या भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी आणून पोटच्या लेकरांसारखे वाढविले. मामांना शिकारीची आवड होती. त्यांनी सलीमला हवेवर चालणारी एक लहानशी बंदूक दिली. मग काय विचारता! घराच्या आसपास दिसणाऱ्या चिमण्यांवर नेम धरण्यात त्याचे दिवस जाऊ लागले. पुढे ज्याने आपले सारे आयुष्य पाखरांच्या रक्षणासाठी वेचले, त्याच्या कथेचा आरंभ एका मारलेल्या चिमणीने व्हावा, हे विलक्षण खरे. पण ते तसे घडले आहे आणि स्वतः सलीम अलींनी ते कधीही लपविले नाही.

एके दिवशी पाडलेली चिमणी त्याने उचलून पाहिली, तो तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लावावे तसा पिवळा ठिपका. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ही खाण्यास योग्य की अयोग्य, असा प्रश्न त्याला पडला. मामांनाही उत्तर सांगता येईना. तथापि मामा ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या संस्थेचे सभासद होते. पशुपक्षी व वनस्पती यांच्या अभ्यासासाठी ही संस्था इ. स. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. मामांनी संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला एकट्यालाच पाठविले.

मिलर्डसाहेबांनी मुलाला हाकलून लावले नाही, की हसण्यावारीही नेले नाही. त्यांनी पुडी उलगडली आणि पाहताक्षणी सांगितले की ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे. एवढ्यावर ते थांबते, तर मुलगा घरी जाऊन सारे विसरला असता. पण साहेब उठले व त्यांनी एकामागून एक कपाटांचे खण उघडले. त्या खणांत पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, स्थळ व तारीख. मुलगा पाहतच राहिला. एकाच देशात इतक्या जातींची पाखरे आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतःचे नाव आहे, ही गोष्ट त्याला तोवर ठाऊकच नव्हती. मिलर्डसाहेबांनी त्याला पक्ष्यांविषयीची पुस्तके वाचावयास दिली. मेलेल्या पक्ष्याची कातडी कशी सोलावी, ती कशी टिकवावी आणि त्याची नोंद कशी करावी, हे शिकण्याची सोयही लावून दिली.

शाळेत मात्र सलीमची गती बेताचीच होती. त्यात डोकेदुखीचा विकार जडला. कोरडी हवा मानवेल म्हणून त्याला काही काळ सिंध प्रांतात नातलगांकडे ठेवावे लागले. इ. स. १९१३ मध्ये तो मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उतरला. सेंट झेवियर कॉलेजात नाव घातले खरे, परंतु तेथील गणिताने त्याला असे काही भंडावून सोडले की पहिल्या वर्षानंतर त्याने कॉलेजला रामराम ठोकला. ब्रह्मदेशात तवॉय येथे त्यांच्या घराण्याच्या वुल्फ्रम धातूच्या खाणी होत्या. तेथे धाकटा भाऊ म्हणून हाताखाली काम करण्यासाठी त्याची रवानगी झाली. खाणीचा हिशेब पाहावा, तर भोवती घनदाट अरण्य आणि त्यात अनोळखी पाखरांची किलबिल! हिशेबाकडे किती लक्ष लागले असेल, ते वाचकांनी ताडावे.

इ. स. १९१७ मध्ये ते मुंबईस परतले. व्यापाराला उपयोगी पडेल म्हणून ते हिशेबशास्त्र व व्यापारी कायदा यांचे पाठ घेऊ लागले. सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा खरा ओढा ओळखला व प्राणिशास्त्राचा अभ्यासही करावयास लावला. इ. स. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिले महायुद्ध संपल्यावर वुल्फ्रमची मागणी घटली आणि ब्रह्मदेशातील धंदा बसला. आता पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची एक जागा होती. सलीम अलींनी तिच्यासाठी खटपट केली. पण ती जागा मिळाली नाही, कारण त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. गणिताच्या भीतीने सोडलेले कॉलेज असे आडवे आले. या एका उणिवेने त्यांना पुढेही पुष्कळ वर्षे छळले.

अखेर इ. स. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी लागली. तेथे निसर्गविभाग नुकताच उघडला होता. पाहावयास येणाऱ्या मंडळींना बरोबर घेऊन हिंडावे, काचेआड मांडलेले पशुपक्षी दाखवावेत व त्यांची माहिती सांगावी, असे मार्गदर्शक व्याख्यात्याचे ते काम होते. पगार दरमहा ३५० रुपये. काम आवडीचे, पण दोन वर्षे तेच ते सांगून त्यांना एक गोष्ट कळून चुकली. लोकांना सांगावयाचे, तर आधी आपल्याला खोलवर समजले पाहिजे. आणि काचेआडचा पक्षी काही बोलत नाही. म्हणून अभ्यासासाठी रजा घेऊन ते जर्मनीत गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील प्राध्यापक एर्विन श्ट्रेझेमान यांनी या पदवी नसलेल्या हिंदी तरुणाला मोकळ्या मनाने आपल्या हाताखाली घेतले. पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचे हलके कडे अडकवून त्यांना सोडून द्यावयाचे व ते कोठे कोठे जातात त्याचा माग काढावयाचा, ही विद्याही त्यांनी जर्मनीतील हेल्गोलांड बेटावर पाहिली. श्ट्रेझेमान यांना ते जन्मभर गुरू मानीत.

इ. स. १९३० मध्ये ते मोठ्या उमेदीने परत आले, तो पैशाच्या टंचाईमुळे संग्रहालयातील ती जागाच काढून टाकलेली! पदरी ज्ञान होते, नोकरी नव्हती. मुंबईत घरभाडे देऊन राहणे परवडेना. तेव्हा पतिपत्नी समुद्रापलीकडे अलिबागजवळील किहीम या गावी तेहमिनाबाईंच्या माहेरच्या मंडळींच्या लहानशा घरात जाऊन राहिली. सगेसोयरे हळहळले असतील. परंतु सलीम अलींच्या जीवनातील सर्वांत सुपीक काळ तोच ठरला.

पावसाळा सुरू झाला होता. किहीमच्या घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. झाडाच्या फांद्यांना खोपे लोंबकळू लागले. सुगरणीचा खोपा कोणी पाहिलेला नाही? शहाण्यांनी त्यावर पुष्कळ तर्क लढविले होते. काही खोपे अर्धवटच का राहतात, याचे उत्तर लोक असे देत की तो नराचा झोपाळा. पाऊस लागू नये म्हणून तो त्यात बसतो. खोप्यात मातीचे गोळे चिकटविलेले आढळतात. त्यात काजवे रोवून सुगरण रात्री दिवा लावते, असेही सांगत. सलीम अलींनी तर्क केले नाहीत. त्यांनी घरट्यांच्या उंचीवर बसता येईल असा आडोसा उभारला आणि रोज तासन् तास त्यात बसून ते पाहू लागले. कोणता नर कोणते घरटे विणतो, कोणत्या दिवशी मादी येते, काय करते, याची टिपणे ते घरट्यागणिक करू लागले. पावसाची झड, डास, आखडलेले पाय, यांची तमा नव्हती. नोकरी नसल्यामुळे वेळ मात्र मुबलक होता.

हळूहळू कोडे उलगडले. खोपा विणतो तो नर. आपण त्या पाखराला उत्तम संसार करणाऱ्या गृहिणीचे नाव दिले आहे, पण विणकाम सारे पुरुषाचे! गवताच्या व पात्यांच्या लांब बारीक चिरफळ्या काढून तो चोचीने गाठी मारतो आणि शिरस्त्राणासारखा आकार तयार करतो. मग माद्या वसाहतीत येतात. त्या येताच सारे नर पंख फडफडवून एकच गलका करतात. मादी घरट्यात शिरते, चोचीने ओढून, हिसके देऊन पाहते. बांधणी मनास आली तर राहते, नाही तर सरळ दुसऱ्याचे घरटे पाहावयास निघून जाते. कोणत्याच मादीने न पत्करलेले खोपे म्हणजे ते अर्धवट झोपाळे! मादीने घर पसंत केले की नर अंडी ठेवण्याची खोली व खाली उतरणारी नळी पुरी करतो. मादी अंडी घालून एकटीच ती उबविते, आणि नर? तो लागलीच शेजारी दुसरा खोपा विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका ऋतूत असे दोन-तीन संसार तो थाटतो. इतकी वर्षे माणसांच्या डोळ्यांसमोर चाललेला हा व्यवहार कोणी नीट पाहिला नव्हता. सलीम अलींनी लिहिलेला निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला आणि पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. त्यांच्यापाशी पदवी आहे की नाही, हे विचारण्याचे आता कारण उरले नाही.

या सुमारास पुष्कळ हिंदी संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी व्हावयाची होती. सलीम अलींनी सोसायटीला कळविले की आपण हे काम विनावेतन करू. प्रवासाचा व तंबूचा खर्च तेवढा मिळावा. संस्थानांनी हे मान्य केले. इ. स. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून आरंभ झाला. सोलापूर शहराच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर त्या काळी या संस्थानाची हद्द लागे आणि आजचा मराठवाडा तिच्यात मोडे. त्यानंतर इ. स. १९३३ मध्ये त्रावणकोर व कोचीन या संस्थानांची पाहणी झाली. तेथे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला उंच डोंगरांवर ढगांत बुडालेली अरण्ये आहेत. झाडांच्या खोडांवर शेवाळ, पायांखाली ओल आणि दहा पावलांवरचे दिसेल तर शपथ. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर अशीच मेघारण्ये आहेत आणि तेथेही तऱ्हेतऱ्हेचे पक्षी आढळतात. अशा रानात पक्षी आधी कानांनी ओळखावा लागतो. त्या पाहणीत पेरियार नदीकाठच्या तट्टेकाड या ठिकाणी त्यांना पाखरांचे अपूर्व भांडार आढळले. त्याच ठिकाणी पुढे, इ. स. १९८३ मध्ये, पक्षी अभयारण्य झाले व त्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

या सर्व भ्रमंतीत तेहमिनाबाई त्यांच्याबरोबर असत. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी बैलगाडीचा प्रवास, तंबूतील बिऱ्हाड आणि हिवताप, सारे आनंदाने पत्करले. त्यांनी तळाची व्यवस्था पाहावी आणि पतीने पहाट होताच दुर्बीण गळ्यात घालून निघावे, असा क्रम. इ. स. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अकस्मात अंत झाला. सलीम अली पार कोलमडून गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. बहीण कमू व मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेले व पुढील आयुष्य त्यांनी त्यांच्याकडेच काढले. दुःखाचा त्यांनी बोभाटा केला नाही. दोनच वर्षांनी, इ. स. १९४१ मध्ये, भारतातील पक्ष्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. रंगीत चित्रे, सुटसुटीत वर्णन आणि सामान्य माणसाला कळेल अशी भाषा. या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि कित्येक घरांतील मुलांनी त्यातील चित्रांवरून अंगणातील पक्षी ओळखावयास शिकून घेतले. जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात असताना हेच पुस्तक आपल्या कन्येला, इंदिरेला भेट दिले होते.

सलीम अली म्हणजे कोणी गंभीर चेहऱ्याचे पंडित होते, असे मात्र समजू नये. मोटारसायकलीचा त्यांना लहान मुलासारखा षोक होता. इ. स. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्रेपन्न वर्षांचे सलीम अली आपली मोटारसायकल बोटीवर चढवून युरोपात घेऊन गेले. फ्रान्समध्ये पडले, जर्मनीच्या दगडी रस्त्यांवर पुन्हा आपटले आणि तरी सामानासुमानासह परिषदेच्या दारात जाऊन उभे राहिले. हा गृहस्थ भारतापासून थेट मोटारसायकलीवर आला आहे, अशी कुजबुज तेथे पसरली!

स्वातंत्र्यानंतर सोसायटीतील बरेच इंग्रज सभासद मायदेशी गेले व संस्थेची आर्थिक स्थिती खालावली. तेव्हा सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत दाद मागून ती तगविली. भरतपूरच्या पाणथळीची कथा याहून कठीण. राजस्थानातील हे सरोवर पूर्वी तेथील महाराजांचे शिकारीचे ठिकाण होते. इ. स. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तेथे एका दिवसात ४,२७३ पाखरे मारली गेली. ही नोंद आजही तेथील शिळेवर कोरलेली आहे. स्वातंत्र्यानंतर हे पाणी शेतीकडे वळवावे, जमीन नांगराखाली आणावी, अशी मागणी झाली. मागणारे गरीब शेतकरी होते. त्यांची गरजही खोटी नव्हती. परंतु हजारो मैलांवरून, सैबेरियासारख्या दूर देशांतून, दर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांना मग उतरावयास जागा उरली नसती. सलीम अलींनी नेहरूंना गळ घातली आणि सरोवर वाचले. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भरतपुरात हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. ज्या ठिकाणी पाखरे मारून मोजीत, त्या ठिकाणी ती जिवंत मोजून सोडली जाऊ लागली. इ. स. १९८५ मध्ये हे स्थान जागतिक वारसा म्हणून मान्य झाले.

प्रत्येक वेळी यश आलेच, असे नाही. भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरविण्याची वेळ आली, तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचे नाव पुढे केले. माणसाच्या कमरेइतका उंच, जड अंगाचा, उघड्या माळावर चालणारा हा पक्षी. मादी सहसा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. माळ नांगरले जात होते, शिकार चालूच होती. मोराला सारे ओळखतात व जपतात; ज्याला आधाराची गरज आहे त्याला मान द्यावा, असा त्यांचा विचार होता. पण इ. स. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोराची निवड चुकली असे कोणी म्हणणार नाही. माळढोकाची संधी मात्र हुकली. सोलापूरकरांना हा पक्षी परका नाही. शहरापासून बार्शीच्या रस्त्यावर नान्नज लागते. तेथील गवताळ माळावर माळढोक असत आणि त्यांच्यासाठी इ. स. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. सोसायटीच्या संशोधकांनीही तेथे माळढोकांचा अभ्यास केला. आज मात्र नान्नजला माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे आणि देशात उरलेल्या थोड्या माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानच्या वाळवंटी भागात आहेत.

अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या साह्याने सलीम अलींनी भारतीय उपखंडातील सर्व पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. पहिला खंड इ. स. १९६८ मध्ये निघाला व दहावा १९७४ मध्ये. बाराशेहून अधिक जातींची माहिती त्यात आहे. तो पुरा झाला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. भारत सरकारने त्यांना इ. स. १९५८ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण दिले. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सभासद झाले. ज्यांना पदवीअभावी नोकरी नाकारण्यात आली होती, त्यांना अलिगढ, दिल्ली व आंध्र या तीन विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. परदेशी पारितोषिकाची मोठी रक्कम हाती आली, ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले, तेही चिमणीवरून.

२० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. पावसाळा तोंडावर होता. सुगरण नरांच्या माथ्यावर पिवळा रंग चढण्याचे व खोप्यांची पहिली पाती विणली जाण्याचे ते दिवस.

इ. स. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा आरंभ होतो तो सोलापुरात जन्मलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी आणि शेवट होतो तो सलीम अलींच्या जन्मदिनी. त्या सुमारास उत्तरेकडील पाहुणी पाखरे उजनीच्या व हिप्परग्याच्या पाण्यावर उतरू लागलेली असतात. पहाटे काठावर दबकून बसले, तर चक्रवाकांची जोडी दिसते. आणि दुर्बीण चांगली असेल, तर एखाद्याच्या पायातील कडेही.